संसदेतील प्रश्न: मसुद्यापासून पाठपुराव्यापर्यंत, खासदारांच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

खासदारांच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात एक वाक्य ऐकावे लागते: "अधिवेशन जवळ आले आहे, प्रश्न तयार करा." ते कोणाला उद्देशून लिहायचे, किती दिवस आधी द्यायचे आणि कोणत्या साच्यात बसवायचे, हे समजावून सांगायला कोणाकडेच वेळ नसतो. मी हे काम एका लोकसभा सदस्यांच्या कार्यालयात काही वर्षे केले. पहिल्या अधिवेशनात आम्ही पाठवलेले निम्म्याहून अधिक प्रश्न यादीत लागलेच नाहीत आणि जे लागले त्यांची उत्तरे वाचून नवे काहीही कळले नाही. दोष बहुतेक वेळा माझ्या मसुद्यांचा होता, हे समजायला आणखी एक अधिवेशन जावे लागले. पुढील टप्पे लोकसभेच्या पद्धतीला धरून लिहिले असून राज्यसभेत जेथे ठळक फरक आहे तेथे तसा उल्लेख केला आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी रोजच्या कामकाजात सर्वाधिक दिसते ती प्रश्नोत्तराच्या तासात. लोकसभेत हा तास सकाळी ११ ते १२ असा बैठकीच्या आरंभीच असतो, तर राज्यसभेत तो २०१४ पासून दुपारी १२ ते १ असा घेतला जातो.

कामाला बसण्यापूर्वी पुढील साहित्य हाताशी ठेवा:

- लोकसभेचे कार्यपद्धती व कामकाज चालविण्याचे नियम. त्यातील प्रश्नांविषयीचे नियम ३२ ते ५४ आणि अर्धा तास चर्चेचा नियम ५५
- अध्यक्षांचे निर्देश
- अधिवेशनापूर्वी निघणारे बुलेटिन भाग २, ज्यात प्रश्नांच्या तारखांचा तक्ता असतो
- भारत सरकारचे कार्यवाटप नियम, १९६१, म्हणजे कोणता विषय कोणत्या मंत्रालयाकडे आहे याची अधिकृत यादी
- संबंधित मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, वार्षिक अहवाल आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल
- त्याच विषयावर पूर्वी दिलेली उत्तरे. ती संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय, सदस्य आणि तारीख यांनुसार शोधता येतात

यातील शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे आणि नवखा माणूस नेमकी तीच वगळतो.

१. प्रश्नाचा प्रकार आधी ठरवा

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते, ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते आणि त्यावर पुरवणी प्रश्न नसतात. अल्पसूचना प्रश्न तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर कमी मुदतीत देता येतो, मात्र त्यासाठी मंत्र्यांची तयारी लागते, त्यामुळे तो क्वचितच मार्गी लागतो.

तारांकित प्रश्नाचा मान मोठा असल्याने प्रत्येक कार्यालयाचा ओढा त्याच्याकडे असतो. माझे मत थोडे वेगळे आहे. तुम्हाला आकडे, वर्षनिहाय तक्ते किंवा योजनेच्या खर्चाचा तपशील हवा असेल तर अतारांकित प्रश्नच द्यावा, कारण तोंडी उत्तरातही तक्ता अखेर निवेदन म्हणून पटलावरच ठेवला जातो. मंत्र्यांकडून धोरणाविषयी बांधिलकी वदवून घ्यायची असेल, किंवा कागदावरच्या उत्तराला समोरासमोर आव्हान द्यायचे असेल, तेव्हाच तारांकित प्रश्न खर्ची घालावा. एका दिवशी एका सदस्याचा एकच तारांकित प्रश्न यादीत लागू शकतो, म्हणून "खर्ची" हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे.

एक बारीक सापळा येथेच आहे. तोंडी उत्तर हवे असल्यास सूचनेवर तारांकन करावे लागते. ते राहिले तर प्रश्न मुकाट्याने लेखी उत्तराच्या यादीत जातो आणि नंतर तक्रारीला जागा उरत नाही.

२. तारखांचा तक्ता भिंतीवर लावा

अधिवेशन बोलावल्यानंतर निघणाऱ्या तक्त्यात कोणत्या दिवशी कोणत्या मंत्रालयांची उत्तरे होतील, त्यासाठी सूचना देण्याची शेवटची तारीख कोणती आणि बॅलट, म्हणजे आलेल्या सूचनांचा क्रम ठरवणारी सोडत, कधी निघेल, हे सर्व दिलेले असते. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातील एक दिवस ठरवून दिलेला असतो. म्हणजेच रेल्वेचा प्रश्न रेल्वेच्या वारीच लागेल. तुमच्या सोयीच्या वारी तो लागत नाही.

लोकसभेत सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. "पूर्ण दिवस" मोजताना सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस हे दोन्ही सोडून द्यायचे असतात. हा हिशेब चुकला की एखाद्या दिवसाच्या फरकाने संपूर्ण आठवडा हातचा जातो आणि छोट्या अधिवेशनात त्या मंत्रालयाची पाळी दोन-तीनदाच येत असल्याने तो फटका मोठा असतो. त्यामुळे आधी तक्ता पाहून मंत्रालयांचे दिवस आखावेत आणि मग विषय निवडावेत, हा क्रम उलटा करू नये.

३. विषय केंद्राचा आहे का, आणि असल्यास कोणाचा

मतदारसंघातून येणारी निवेदने वाचून थेट प्रश्न लिहायला घेतल्यास पहिली ठेच येथे लागते. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य, जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचे विषय आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याचा प्रश्न केंद्रीय मंत्र्यांना विचारला तर तो नाकारला जाईल, किंवा "आरोग्य हा राज्याचा विषय आहे" या वाक्याने सुरू होणारे उत्तर येईल. पण त्याच केंद्रासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून राज्याला किती निधी मंजूर झाला, किती वितरित झाला आणि विनियोग प्रमाणपत्रे (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) किती प्रलंबित आहेत, हे विचारता येते. केंद्राचा पैसा, केंद्राचा कायदा, केंद्राची संस्था किंवा केंद्राची आकडेवारी यांपैकी एक धागा सापडला की प्रश्न उभा राहतो.

मंत्रालय निवडतानाही सहज समजुतीवर विसंबू नये. शेतीचा म्हणून वाटणारा प्रत्येक प्रश्न कृषी मंत्रालयाचा नसतो. खतांवरील अनुदान रसायने व खते मंत्रालय पाहते. उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) आणि साखरेचे धोरण अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे आहे. कापूस खरेदी करणारे भारतीय कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. हमीभाव जाहीर होतात ते मात्र कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीतील कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून. चुकीच्या मंत्रालयाला गेलेला प्रश्न योग्य मंत्रालयाकडे वर्ग होऊ शकतो, पण मग तो त्या मंत्रालयाच्या वारी जातो आणि त्या धावपळीत तारीख निसटू शकते. कार्यवाटप नियमांत पाच मिनिटे घातली की हा घोळ टळतो.

४. मसुदा: कक्ष अधिकाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवा

प्रश्न मंत्र्यांना उद्देशून असला तरी त्याचे उत्तर प्रथम लिहिले जाते मंत्रालयातील एखाद्या कक्षात. संसदीय प्रश्न आला की तेथील बाकीची कामे बाजूला पडतात, अधीनस्थ कार्यालयांकडून माहिती मागवली जाते, मसुदा अवर सचिवापासून वर चढत जातो आणि शेवटी मंत्र्यांच्या मान्यतेने पक्का होतो. त्या कक्ष अधिकाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मात्र विचारलेले तेवढेच सांगायचे आणि न विचारलेले सांगायचे नाही, ही त्याच्या कामाची शिस्त असते. तुमच्या प्रश्नात जेवढी मोकळी जागा असेल तेवढीच मोकळीक तो घेणार. मसुदा लिहिताना याच माणसाची कल्पना करावी, ही मला उशिरा उमगलेली गोष्ट आहे.

माझ्या पहिल्या वर्षीच्या धाटणीचा एक मसुदा पाहा:

"रस्ते अपघातांचे प्रमाण चिंताजनकरीत्या वाढत असून सरकारने त्याची गंभीर दखल घेतली आहे काय, असल्यास, त्याचा तपशील, नसल्यास, त्याची कारणे, आणि सरकार याबाबत कोणती पावले उचलत आहे?"

या प्रश्नाचे उत्तर न वाचताही सांगता येते. सरकारने दखल घेतली आहे, असे पहिले वाक्य येईल आणि त्यापुढे शिक्षण, अभियांत्रिकी, कायद्याची अंमलबजावणी आणि आपत्कालीन सेवा या चार अंगांच्या धोरणावरचा तयार परिच्छेद जोडला जाईल. उत्तर खोटे नसेल आणि उपयोगाचेही नसेल. आता तोच विषय असा मांडून पाहा:

रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री पुढील बाबींची माहिती देतील काय:

(अ) गेल्या तीन आर्थिक वर्षांत महाराष्ट्रातील राष्ट्रीय महामार्गांवर निश्चित करण्यात आलेल्या अपघातप्रवण ठिकाणांची वर्षनिहाय व महामार्गनिहाय संख्या;

(ब) त्यांपैकी कायमस्वरूपी उपाययोजना पूर्ण झालेल्या आणि केवळ तात्पुरते उपाय झालेल्या ठिकाणांची स्वतंत्र संख्या;

(क) या कामांसाठी मंजूर झालेला आणि प्रत्यक्ष खर्च झालेला वर्षनिहाय निधी, आणि

(ड) उर्वरित ठिकाणांवरील कायमस्वरूपी कामे पूर्ण करण्याची निश्चित केलेली कालमर्यादा?

येथे "गंभीर", "चिंताजनक" असे एकही विशेषण नाही. प्रत्येक भाग मोजता येण्याजोगी एकच गोष्ट मागतो. कायमस्वरूपी आणि तात्पुरते हे दोन आकडे वेगळे मागितल्यामुळे रंगवलेले पट्टे आणि लावलेले फलक हे "पूर्ण झालेले काम" म्हणून मोजण्याची वाट बंद होते.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या कामाची सवय असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आपल्याकडील प्रश्नांत "हे खरे आहे काय, असल्यास" अशी साखळी असते आणि तीच सवय दिल्लीतही उतरते. या साखळीचा धोका असा की पहिल्या भागाचे उत्तर "नाही" आले की पुढच्या सर्व भागांपुढे "प्रश्न उद्भवत नाही" असे लिहून कागद पूर्ण होतो. माझ्या एका चार भागांच्या प्रश्नाला अशाच दोन ओळींचे उत्तर आले होते, कारण (अ) भागात मी योजनेचे नाव थोडे चुकीचे लिहिले होते आणि त्या नावाची योजना खरोखरच अस्तित्वात नव्हती. तेव्हापासून प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहायचा आणि योजनेचे नाव अधिसूचनेत आहे तसेच उतरवायचे, हा नियम मी पाळला.

व्याप्तीचाही विचार करावा. संपूर्ण देशाची जिल्हानिहाय, दहा वर्षांची आकडेवारी मागितली तर "माहिती गोळा करण्यात येत आहे" हे उत्तर येणारच आणि ते वाजवीही असेल. तीन वर्षे, एक राज्य आणि दोन-तीन निकष एवढे क्षेत्र आखले तर टाळाटाळीला कारण उरत नाही. आपल्याकडे प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला आणि १८९३ मध्ये भिंग्याच्या (आजच्या उत्तर प्रदेशातील) राजांनी विचारलेला पहिला प्रश्नही असाच अरुंद होता: दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांच्या छावण्यांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणारा त्रास. पुरवणी प्रश्नाची सोय तेव्हा नव्हतीच. ती १९०९ च्या सुधारणांनंतर, तीही केवळ मूळ प्रश्नकर्त्याला मिळाली.

भाषेविषयी: सूचना हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते. मराठीत विचार करून मसुदा पक्का करा आणि मग भाषांतर करा, पण आकडे व संज्ञा मूळ कागदावरून पुन्हा एकदा पडताळून पाहा.

५. नियम ४१ ची चाळणी लावा

प्रश्न ग्राह्य ठरण्याच्या अटी नियम ४१ मध्ये दिल्या आहेत. तो नियम मुळातून वाचावाच, पण माझ्या अनुभवात प्रश्न अडकतात ते पुढील कारणांनी. प्रश्न १५० शब्दांहून मोठा असतो. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा आरोप असतो. तो मत विचारतो किंवा "समजा असे झाले तर" अशा काल्पनिक परिस्थितीवर आधारलेला असतो. त्याची माहिती सहज उपलब्ध असलेल्या दस्तऐवजात आधीच असते. त्याचे उत्तर पूर्वी देऊन झालेले असते. विषय न्यायप्रविष्ट असतो, किंवा संसदीय समितीपुढे असून समितीचा अहवाल अद्याप सादर झालेला नसतो. मंत्रिमंडळातील चर्चा किंवा राष्ट्रपतींना दिलेला सल्ला अशा गोपनीय बाबींविषयी तो असतो. आणि धोरणाचा एवढा मोठा मुद्दा त्यात घातलेला असतो की तो उत्तराच्या मर्यादेत मावणेच शक्य नसते.

पूर्वी उत्तर दिलेला विषय पूर्णपणे बंद होतो असे मात्र नाही. जुने उत्तर शोधा, त्यात दिलेली मुदत किंवा आकडा टिपा आणि "अमुक दिनांकाच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तराच्या संदर्भात" अशी सुरुवात करून त्यानंतरची प्रगती विचारा. असा प्रश्न पुनरावृत्ती ठरत नाही आणि मंत्रालयाला स्वतःच्याच शब्दांशी तुलना करून उत्तर द्यावे लागते. माझ्या मते नवख्याने शिकण्यासारखी ही सर्वांत किफायतशीर युक्ती आहे.

प्रश्नात एखादे विधान केले असेल तर त्याच्या अचूकतेची जबाबदारी सदस्याची असते. एकदा मी वर्तमानपत्रातील कात्रणावरून एक आकडा प्रश्नात घातला. तो वर्षाचा नसून तिमाहीचा होता. लोकसभा सचिवालयाने आधार मागितल्यावर आमची जी धावपळ झाली ती आठवली की अजूनही कानकोंडे होते. कात्रण हे विषय सुचण्यापुरते ठीक. आधार म्हणून सरकारी दस्तऐवजच जोडावा.

६. सूचना दाखल करताना

सूचना लोकसभेच्या महासचिवांना उद्देशून असते. तिच्यावर ज्यांना प्रश्न विचारायचा त्या मंत्र्यांचे अधिकृत पदनाम, उत्तराची अपेक्षित तारीख आणि एकाच दिवसासाठी अनेक सूचना असतील तर त्यांचा पसंतीक्रम लिहावा लागतो. पसंतीक्रम निष्काळजीपणे लिहिला तर तुमचा दुय्यम प्रश्न पुढे जातो आणि महत्त्वाचा मागे राहतो. लोकसभेत एका दिवशी एका सदस्याचे तारांकित व अतारांकित मिळून जास्तीत जास्त पाच प्रश्न स्वीकारले जातात.

सूचना आता बहुधा सदस्यांच्या पोर्टलवरून दिल्या जातात. या पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी ही सदस्यांची वैयक्तिक बाब आहे, कार्यालयाची नव्हे. मसुदा तुम्ही करा, छापून त्यांच्यापुढे ठेवा, त्यांनी वाचून दुरुस्त केल्यावर दाखल मात्र त्यांनाच करू द्या. डिसेंबर २०२३ मध्ये एका लोकसभा सदस्यांचे सदस्यत्व गेले त्या प्रकरणात लॉगिनची माहिती बाहेरच्या व्यक्तीला दिल्याचा मुद्दा केंद्रस्थानी होता. घाईच्या दिवशी "तूच टाकून दे" असे सांगितले जाईल. तेव्हा नम्रपणे नकार देण्याची तयारी ठेवा.

याच टप्प्यावर कार्यालयात तयार मसुदे घेऊन माणसे येऊ लागतात. त्यांत खरी अडचण असलेले शेतकरी, कामगार आणि कार्यकर्ते असतात, तसेच स्पर्धकाच्या परवान्यात रस असलेलेही असतात. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी झाली होती. माहिती सर्वांची घ्यावी, मसुदा कोणाचाही जसाच्या तसा घेऊ नये आणि कोणी काय दिले याची तारखेसह नोंद ठेवावी.

७. बॅलट आणि यादी

आलेल्या सूचनांचा अग्रक्रम बॅलटने ठरतो. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्नांची यादी लागते. राज्यसभेत हे आकडे १५ आणि १६० आहेत. तारांकित यादीत जागा न मिळालेला ग्राह्य प्रश्न अतारांकित यादीत जाऊ शकतो. एखाद्या प्रश्नाला लेखी उत्तरच योग्य आहे असे अध्यक्षांना वाटले तर तेही तसा बदल करू शकतात. एकाच विषयावर अनेकांचे प्रश्न असतील तर ते एकत्र केले जातात.

यादीत नाव आले म्हणून लगेच मतदारसंघात कळवू नका. तासाभरात सर्व २० प्रश्न तोंडी कधीच होत नाहीत. पाच-सहा झाले तरी पुष्कळ. आमचा पहिला तारांकित प्रश्न चौदाव्या क्रमांकावर होता आणि आम्ही आदल्या रात्री उशिरापर्यंत पुरवणी प्रश्नांची तयारी केली होती. सातव्या क्रमांकाच्या आसपास १२ वाजले. आमचे उत्तर लेखी स्वरूपात पटलावर गेले आणि तयारीचे कागद फाइलमध्ये. गोंधळामुळे तास वाहून गेला तरी हेच घडते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर महासाथीमुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली. म्हणून तारांकित प्रश्नही असा लिहावा की तो केवळ लेखी राहिला तरी हाती काहीतरी पडेल.

८. पुरवणी प्रश्नांची तयारी

तारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर सदस्यांना त्याच दिवशी सकाळी, बैठकीपूर्वी मिळते. त्या थोड्या वेळात उत्तर वाचून पुरवणी प्रश्न पक्के करायचे असतात. मूळ प्रश्नकर्त्याला साधारणतः दोन पुरवणी प्रश्न मिळतात. एकत्र केलेल्या प्रश्नातील इतर सदस्यांना आणि मग अध्यक्षांच्या परवानगीने बाकीच्यांना संधी मिळते.

सभागृहात मंत्री एकटे नसतात. त्यांच्या हाती अधिकाऱ्यांनी तयार केलेली जाडजूड टिपण फाइल असते, ज्यात संभाव्य पुरवणी प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहिलेली असतात. शिवाय अधिकाऱ्यांच्या गॅलरीत मंत्रालयाची मंडळी बसलेली असतात आणि उत्तर चालू असतानाच तेथून एखादी चिठ्ठी पुढे सरकते. तुमचा पुरवणी प्रश्न त्या फाइलमध्ये असणारच, असे गृहीत धरून चाला. फाइलमध्ये नसण्याची शक्यता असते ती फक्त त्या दिवशीच्या उत्तरातील विसंगतीची.

वर दिलेल्या महामार्गांच्या प्रश्नाचेच उदाहरण घेऊ. समजा, उत्तरातील तक्त्यानुसार निधी सत्तर टक्के खर्च झाला आहे आणि कायमस्वरूपी कामे मात्र तीस टक्के ठिकाणीच पूर्ण झाली आहेत. अशा वेळी पहिला पुरवणी प्रश्न एवढाच असावा: "अध्यक्ष महोदय, उत्तराच्या (क) भागाप्रमाणे सत्तर टक्के निधी खर्च झाला असताना (ब) भागात तीस टक्केच कामे पूर्ण दिसतात. उरलेला खर्च कोणत्या कामांवर झाला, हे मंत्रिमहोदय सांगतील काय?" दुसरा प्रश्न तारखेचा ठेवावा: उर्वरित कामे कोणत्या महिन्यापर्यंत पूर्ण होतील, याचे आश्वासन मंत्री देतील काय? पहिल्याने विसंगती नोंदीवर येते आणि दुसऱ्याने बांधिलकी.

बहुतेक सदस्य येथे भाषण करतात. मतदारसंघाचे वर्णन, मंत्र्यांचे आभार, मग तीन उपप्रश्न, आणि तोपर्यंत अध्यक्षांनी "प्रश्न विचारा" असे दोनदा बजावलेले असते. तीन प्रश्न एकत्र विचारले की मंत्री त्यांतील सर्वांत सोप्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देऊन खाली बसतात. तुमच्या खासदारांना अर्ध्या पानाहून मोठे टिपण देऊच नका. एका कागदावर मोठ्या अक्षरांत दोन प्रश्न, त्याखाली उत्तरातील संबंधित ओळीचा क्रमांक, एवढे पुरते.

९. उत्तर अपुरे, चुकीचे किंवा लोंबकळत ठेवलेले असेल तर

उत्तर हाती आल्यावर बहुतेक कार्यालयांत काम संपल्याची भावना येते आणि पुढच्या प्रश्नाचा मसुदा सुरू होतो. खरे तर यापुढचे मार्ग फार थोडे लोक वापरतात.

उत्तरातील वस्तुस्थितीचा मुद्दा सार्वजनिक महत्त्वाचा असेल आणि त्याला आणखी स्पष्टीकरण हवे असेल तर नियम ५५ खाली अर्धा तास चर्चेची सूचना तीन दिवस आधी, कारणे देणाऱ्या टिपणासह देता येते. ही चर्चा सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी बैठकीच्या शेवटच्या अर्ध्या तासात असते आणि तिच्यावर मतदान होत नाही. उत्तरात चूक असेल तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ प्रमाणे सदस्य अध्यक्षांना लेखी कळवू शकतात. तेथे पुरावा दस्तऐवजी हवा, तर्काचा चालत नाही.

प्रश्नातून सुरू झालेली गोष्ट किती लांब जाऊ शकते याचे उदाहरण १९५७ चे आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीबद्दल लोकसभेत प्रश्न आला, उत्तराने समाधान झाले नाही, मग फिरोज गांधी यांनी डिसेंबरमध्ये तो विषय कागदपत्रांच्या आधारे सभागृहात लावून धरला. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले.

तिसरा मार्ग आश्वासनांचा. "विषय विचाराधीन आहे", "मी यात लक्ष घालीन", "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" अशा वाक्यांचा नवख्याला राग येतो, पण हीच वाक्ये आश्वासन म्हणून नोंदली जातात. सभागृहाच्या कामकाजातून संसदीय कार्य मंत्रालय ती वेचून काढते आणि त्यांची पूर्तता साधारणतः तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून त्यांवर देखरेख ठेवते, मुदतवाढीच्या विनंत्या तपासते आणि अधिकाऱ्यांना साक्षीसाठी बोलावते. याउलट "असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही" किंवा "अशी आकडेवारी केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही" ही उत्तरे आश्वासने नसतात. दुसऱ्या प्रकारच्या उत्तरावर पुढच्या अधिवेशनात नवा प्रश्न तयार होतो: ही आकडेवारी न ठेवता योजनेचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर केले जाते?

या पाठपुराव्यासाठी एक साधी नोंदवही ठेवा. प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख, मंत्रालय, उत्तरातील नेमके आश्वासनाचे वाक्य, तीन महिन्यांनी येणारी तारीख आणि पुढील कृती असे सहा रकाने पुरेसे आहेत. आमच्या नोंदवहीत एका प्रश्नापुढे तीन वेळा मुदतवाढीची नोंद झाली होती. चौथ्या नोंदीला मंत्रालयाचे पूर्तता निवेदन पटलावर आले आणि मूळ प्रश्नात मागितलेला तक्ता त्यात पूर्ण होता. तोपर्यंत दोन वर्षे उलटली होती. त्या तक्त्यावरून आम्ही पुढच्या अधिवेशनासाठी दोन नवे अतारांकित प्रश्न त्याच संध्याकाळी लिहिले.